जामीन नसलेले करार: आचोळे, वसईचे तह आणि हवामानाचे राजकारण

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याचा गेल्या पाच शतकांचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो बऱ्याच अंशी तहांचाच इतिहास होतो. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हुमायूनच्या दडपणाखाली वसई आणि तिच्या अंमलातील मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे शरणागतीची कलमे ठरवून घेऊन पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी वसई आणि साष्टी इंग्रजांना देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पुन्हा पेशव्यांकडे आली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ज्या करारावर सही केली, तो तर वसईच्याच नावाने ओळखला जातो. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा चतुःसीमेत, आजच्या नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस आचोळे हे गाव आहे. आचोळ्यासारख्या गावांना या तहांच्या वाटाघाटीत कधीही जागा नव्हती. मात्र सारा कोणाकडे भरावयाचा आणि दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रत्येक वेळी दूरच्या छावणीत झालेल्या सह्यांनी ठरले.

या पार्श्वभूमीवर आजच्या आंतरराष्ट्रीय हवामान करारांकडे पाहणे उपयुक्त ठरते, कारण या करारांविषयीची शंका दोन प्रकारची असते आणि त्या दोहोंची गल्लत वारंवार होते. पृथ्वीचे तापमान मानवी व्यवहारांमुळे वाढत आहे की नाही, ही पहिली शंका शास्त्राने केव्हाच निकाली काढली आहे, आणि प्रस्तुत लेखाचा तिच्याशी संबंध नाही. दुसरी शंका राजकारणाविषयीची आहे: राष्ट्रे एकत्र येऊन जे लिहून देतात ते पाळले जाईल, असे मानण्यास इतिहासात आधार कितपत आहे? ही शंका अडाणीपणाची नाही. ती इतिहासाच्या वाचनातून येते, आणि वसईचा इतिहास तिला पुष्टी देतो; परंतु कोणत्या परिस्थितीत करार टिकतो, हेही तोच इतिहास सांगतो.

सुरतेच्या तहापासून प्रारंभ करणे सोयीचे आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी हा तह केला तेव्हा दोन्ही बाजूंच्या अधिकाराविषयी प्रश्न होता. रघुनाथरावांची पेशवाई पुण्यातील कारभाऱ्यांना मान्य नव्हती, आणि मुंबईच्या गव्हर्नरला १७७३ च्या नियामक कायद्यान्वये, म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर कलकत्त्याची देखरेख बसविणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या कायद्यान्वये, असा तह परस्पर करण्याची मुभा नव्हती. कलकत्त्याच्या मंडळाने तो तह नामंजूर केला, कर्नल अप्टनला पुण्यास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा वेगळा तह केला. मुंबईकरांनी मग तो मनापासून स्वीकारला नाही. ज्याने सही केली त्याच्यामागे त्याचे राज्य उभे नव्हते, हा या प्रकरणाचा गाभा आहे. डिसेंबर १७८० मध्ये वसईचा किल्ला अखेर इंग्रजांच्या हाती पडला तो कोणत्याही कलमाने नव्हे, तर जनरल गॉडर्डच्या तोफांनी.

क्योटो येथे ११ डिसेंबर १९९७ रोजी स्वीकारल्या गेलेल्या हवामान कराराची कथा या प्रकरणाशी विलक्षण जुळते. त्या कराराने औद्योगिक राष्ट्रांवर बंधन घातले, की २००८ ते २०१२ या काळात त्यांनी आपले हरितगृह वायूंचे उत्सर्जन, म्हणजे उष्णता वातावरणात अडवून धरणाऱ्या कार्बन डायऑक्साइड, मिथेन इत्यादी वायूंचे सोडणे, १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५.२ टक्क्यांनी कमी करावे. अमेरिकेच्या शिष्टमंडळाने वाटाघाटी केल्या आणि १९९८ मध्ये सहीही केली. मात्र अमेरिकेच्या सिनेटने क्योटोच्या बैठकीच्या पाच महिने आधीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध शून्य मतांनी असा ठराव केला होता, की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार अमेरिकेने स्वीकारू नये. त्यामुळे तो करार संमतीसाठी सिनेटपुढे ठेवलाच गेला नाही, आणि मार्च २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सरकारने त्याचा त्याग केला. वाटाघाटीच्या मेजावर बसलेल्या इतर राष्ट्रांना सिनेटचे मत अज्ञात नव्हते. तरीही सही घेतली गेली आणि तिला यश म्हटले गेले. या ठिकाणी शंकेखोरांचे म्हणणे पूर्णपणे खरे ठरते.

सालबाईचा तह याच्या अगदी उलट आहे, आणि म्हणून त्याचा विचार अधिक बारकाईने व्हावयास हवा. १७ मे १७८२ रोजी ठरलेल्या या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. तहाच्या कलमांत महादजी शिंदे यांना दोन्ही पक्षांचा जामीन नेमले होते: जो पक्ष कलम मोडील त्याच्या विरुद्ध पक्षाला मिळून, मोडणाऱ्याला ताळ्यावर आणण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली होती. महादजींपाशी स्वतःची फौज होती, त्यांचा दोन्ही दरबारांशी संबंध होता, आणि तह टिकण्यात त्यांचे हितही होते. नाना फडणविसांनी मंजुरी देण्यास बराच वेळ घेतला. फेब्रुवारी १७८३ मध्ये त्यांनी ती दिली. नानांच्या या विलंबाला चालढकल म्हणणे सोपे आहे, परंतु सही करणारा आणि पाळणारा एकच असावा याची खातरजमा त्या विलंबात झाली, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. त्यानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रज आणि पेशवे यांच्यात युद्ध झाले नाही.

पर्यावरणाच्या क्षेत्रात सालबाईच्या जवळ जाणारा एकच मोठा करार दाखविता येतो, तो १९८७ चा माँट्रियलचा. सूर्याच्या अतिनील किरणांपासून संरक्षण करणारा वातावरणातील ओझोनचा थर शीतकरणयंत्रांतील काही रसायनांमुळे विरळ होत होता, आणि त्या रसायनांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे या करारात ठरले. त्यात दोन गोष्टी अशा होत्या ज्या हवामानाच्या करारांत पुढे त्या रूपात एकत्र आल्या नाहीत. करारात नसलेल्या देशांशी त्या रसायनांचा व्यापार करण्यास त्यात बंदी होती, आणि १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत गरीब देशांचा वाढीव खर्च भागविण्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरले. निधीची शाश्वती होईपर्यंत भारताने या करारात प्रवेश केला नाही. १९९२ मध्ये तो केला. तो करार बव्हंशी पाळला गेला आणि ओझोनचा थर सावरू लागला. त्या रसायनांना पर्याय उपलब्ध होते व उत्पादक मोजकेच होते, हे खरे. कोळसा आणि तेल यांची गोष्ट तितकी सोपी नाही. तरीही राष्ट्रांना करार पाळता येतच नाहीत, हे सरसकट विधान माँट्रियलपुढे टिकत नाही.

क्योटोतही दंडाची तरतूद होती. ठरलेले लक्ष्य चुकविणाऱ्या देशावर पुढील कालखंडात तुटीच्या भरपाईसह ३० टक्के अधिक भार पडणार होता. कॅनडाने ६ टक्के कपात करण्याचे लिहून दिले होते, प्रत्यक्षात त्याचे उत्सर्जन वाढले, आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याने करारातूनच बाहेर पडण्याची नोटीस दिली. दंड वसूल करणारा कोणी नव्हता, आणि बाहेर पडण्याचे दार मात्र कलमातच ठेवलेले होते. या अनुभवातून १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये जो निष्कर्ष काढला गेला, तो जामीन शोधण्याचा नव्हता. दंडाची कल्पनाच सोडून देण्याचा होता. पॅरिस कराराच्या १५ व्या कलमान्वये जी समिती स्थापन झाली, तिने विरोधाची व शिक्षेची भूमिका न घेता काम करावे असे कलमातच नमूद आहे. प्रत्येक देशाने आपले लक्ष्य आपणच ठरवावे, दर पाच वर्षांनी ते वाढवावे, आणि इतरांच्या नजरेची लाज हीच सक्ती मानावी, अशी ही रचना आहे. पुण्याच्या प्रकाश जावडेकर यांनी पर्यावरणमंत्री या नात्याने तेथे भारताची बाजू मांडली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी घटविण्याचे आणि वीजनिर्मितीची ४० टक्के क्षमता कोळसा-तेलाशिवाय उभारण्याचे भारताचे वचन होते. त्यातील दुसरा भाग मुदतीच्या कितीतरी आधी पूर्ण झाला. मात्र अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये या करारातून बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली, आणि २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने पुन्हा बाहेर पडण्याच्या मार्गाला लागली. लाज ही सक्ती फक्त लाज वाटणाऱ्यांवर चालते, हे या ये-जा करण्याने स्पष्ट झाले.

पैशांच्या वचनांबाबत १८०२ चा वसईचा तह एक कठोर पण उपयोगी तुलना पुरवितो. बाजीरावाने इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज, म्हणजे पेशव्याच्या रक्षणासाठी त्याच्याच खर्चाने ठेवावयाची इंग्रजी पलटण, मान्य केली. परंतु तिच्या खर्चासाठी पेशव्याच्या खजिन्यातून दरवर्षी रक्कम येईल या वचनावर इंग्रज विसंबून राहिले नाहीत. त्यांनी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आधीच तोडून घेतला. बलिष्ठ पक्ष घेणेकरी असतो तेव्हा तो तारण मागतो आणि मिळवितो. हवामानाच्या वाटाघाटींत घेणेकरी दुर्बल आहेत. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे सांगितले; ती पातळी त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ मध्ये गाठली गेली, आणि त्यात कर्जांचा वाटा मोठा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत दरवर्षी ३०० अब्ज डॉलर असा आकडा ठरला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तो अपुरा म्हणून सभेतच नाकारला. परंतु ठराव तोपर्यंत संमत म्हणून जाहीर झालेला होता.

समुद्राच्या पाण्याशी संबंधित करार कोकणपट्टीला नवीन नाहीत, आणि त्यांतील एक जुनी व्यवस्था येथे नोंदविणे आवश्यक आहे. ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी अडवून खाजणातून भातजमीन काढली जात असे आणि तिच्या एका प्रकारच्या धारणेस शिलोत्री म्हणत. तीत बाहेरचा, समुद्राकडील मोठा बांध राखण्याचे दायित्व शिलोत्रीदारावर असे, त्यासाठी कुळे त्याला दर बिघ्यामागे ठराविक भात देत, आणि आतले लहान बांध कुळे स्वतः सांभाळीत. या व्यवस्थेत विषमता पुष्कळ होती आणि तिचे गुणगान करण्याचे कारण नाही; पण बांध फुटला तर कोणाच्या दारी जावयाचे, हे प्रत्येक कुळाला ठाऊक होते, आणि ज्याच्याकडे ते जात त्याचे उत्पन्नही त्याच बांधावर अवलंबून होते. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने या कामासाठी सरकारी मंडळ आले, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला, आणि जबाबदारी व्यक्तीकडून खात्याकडे गेली. बांध राखणाऱ्याचे पोट बांधावर अवलंबून असण्याचा दुवा त्यामुळे सैल झाला.

आचोळ्याचा अलीकडचा इतिहास याच दुव्याच्या तुटण्याचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामांचा ओघ सुरू झाला, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९९० मध्ये शासनाने सिडको या महामंडळाला वसई-विरार उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. सिडकोने केलेला विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरावयाची हे ठरविणारा कायदेशीर नकाशा, २००१ ते २०२१ या वीस वर्षांसाठी होता. त्याला मंजुरी मिळाली फेब्रुवारी २००७ मध्ये, म्हणजे मुदतीची सहा वर्षे उलटल्यावर. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली.

या आराखड्यात आचोळे येथील सर्व्हे क्रमांक २२ ते ३० मधील जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांच्यासाठी आरक्षित होती. आरक्षण हे शासनाने नागरिकांना दिलेले वचनच असते: या जागी अमुकच होईल, दुसरे काही होऊ दिले जाणार नाही. त्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या, सदनिका विकल्या गेल्या, आणि सुमारे २,५०० कुटुंबे तेथे राहू लागली. मजल्यावर मजला चढत असताना वचन मोडले जात असल्याचे सर्वांना दिसत होते. ८ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो कायम राहिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कारवाई जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण करण्यात आली. मुले शाळेत, परीक्षा तोंडावर, कर्जाचे हप्ते चालू, अशा स्थितीत लोक घराबाहेर पडले. न्यायालयाने आराखड्याचा शब्द राखला हे योग्यच झाले. परंतु शब्द मोडणाऱ्यांच्या आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्यांच्या वर्तनाची किंमत प्रथम चुकती केली ती कष्टाची पुंजी घालून सदनिका घेणाऱ्यांनी.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा हवामानाशी संबंध दूरचा नाही. प्रक्रियेविना साचणाऱ्या सांडपाण्यातून मिथेन बाहेर पडतो, आणि तो उष्णता अडविण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी प्रबळ आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ऐच्छिक वचन दिले. भारताने भातशेती आणि पशुधन यांचा विचार करून त्यावर सही केली नाही. ज्या वचनावर आपण सही केली नाही त्याचा दोष आपल्याकडे येत नाही, पण आचोळ्याच्या आराखड्यावर सही आपलीच होती. दुसऱ्या बाजूने पाण्याचा प्रश्न आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, आणि त्यानंतर नेमलेल्या नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था व मुंबई आयआयटी यांच्या समितीने नैसर्गिक नाले मोकळे करण्याची आणि धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवून ठेवणारी तळी, राखण्याची आवश्यकता सांगितली. अतिवृष्टी वाढत आहे हे खरे असले, तरी त्या पाण्याला जागा नसणे ही स्थानिक वचनभंगाची परिणती आहे, आणि शहरांनी आपले अपयश हवामानबदलाच्या खात्यावर टाकणे हा नवा पळपुटेपणा होय.

याच पालघर जिल्ह्यात जामिनाचे एक आधुनिक उदाहरणही घडले. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवणचे प्रस्तावित बंदर नाकारले, आणि डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यास भाग पाडले. ती २००७ मध्ये सुरू झाली. देशातील कोळशाच्या बहुसंख्य वीजकेंद्रांना ती आजही नाही. एका तालुक्यापुरते का होईना, वचनामागे अधिकार, नाव आणि चिकाटी असलेला जामीन उभा केला तर काय साधते, याचा हा पुरावा आहे. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी निवर्तले. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला संमती दिली, आणि मच्छीमारांचा विरोध कायम असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. सालबाईचा तहही महादजींच्या मागे फार काळ टिकला नव्हता. १७९४ मध्ये ते वारले आणि आठ वर्षांनी बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला आला.

असे असूनही करार निरर्थक आहेत, असा निष्कर्ष काढणे पुराव्याला धरून होत नाही. पॅरिसपूर्वी या शतकाच्या अखेरीस सुमारे चार अंशांच्या आसपास तापमानवाढीचे अंदाज वर्तविले जात. आज चालू धोरणांचा अंदाज तीन अंशांच्या खाली आहे. त्याचे श्रेय स्वस्त झालेल्या सौरऊर्जेला किती आणि करारांना किती, हा वादाचा प्रश्न आहे, पण बाजाराला दिशा देण्यात वाटाघाटींचा वाटा नाकारता येत नाही. दुसरीकडे, १९९२ मध्ये रिओ येथे मूळ हवामान करारावर सह्या झाल्या तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३५६ भाग होते, आणि २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. ते वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष ठरले. हवेतील हा साठा कोणत्याही परिषदेच्या जाहीरनाम्यापेक्षा विश्वसनीय हिशेब आहे.

जामिनाच्या जागेवर अलीकडे न्यायालयांनी पाऊल ठेवले आहे. वानुआटू या प्रशांत महासागरातील लहान द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागविले, आणि २३ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने सांगितले, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास नुकसानभरपाईचाही प्रश्न उद्भवू शकतो. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे; त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा हेगपाशी नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे हवामान परिषद भरली, ऐंशीहून अधिक देशांनी कोळसा, तेल आणि वायू यांच्यापासून दूर जाण्याचा कालबद्ध आराखडा मागितला, आणि अंतिम निर्णयाच्या मजकुरात या इंधनांचा साधा उल्लेखही आला नाही.